काकांनी वाजवून ठेवलेली मंगलाष्टकं

काकांनी पेनड्राइव्ह हातरुमालात गुंडाळला, वर दोन गाठी मारल्या आणि बिलोलीहून लातूरकडे निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली केला. मग मला फोन. गाडी लागायच्या आधी स्टँडवर जाऊन उभी राहा, ड्रायव्हर दाढीवाला आहे, रुमाल निळा आहे. मी म्हटलं, काका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा ना, एका मिनिटाचं काम आहे.

"न्हाई माय. मोबाईलवरनं पाठवलं की आवाज पातळ होतंय."

त्यांचा अनुभव खोटा नव्हता. गाणी तशी पाठवली की खरंच पातळ होतात. पण ही मिडी फाईल होती, आणि मिडी फाईलमध्ये आवाज मुळी नसतोच. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. आवाज नंतर आपण द्यायचा, पेटीचा द्या नाहीतर सनईचा. मी हे सगळं फोनवर समजावून सांगितलं.

"आवाजच न्हाई, तर मंग मी दोन दिवस काय वाजवून राहिलो?"

मी हसत हसत स्टँडवर गेले. दाढीवाला ड्रायव्हर भेटला, निळा रुमाल मिळाला आणि गाठी सोडवता सोडवता माझं एक नख तुटलं. काकांची गाठ म्हणजे गाठ.

हे काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. घरची शेती बघतात, पण जीव सगळा कीबोर्डात. बिलोली, देगलूर, धर्माबाद, पार तिकडं तेलंगणात बोधनपर्यंत लग्नात वाजवायला जायचे. वऱ्हाड तेलुगू असलं तर तेलुगू गाणी, मराठी असलं तर मराठी, आणि दोन्ही असलं तर दोन्हींची खिचडी. आमच्या भागातलं बरे मार्क पडलेलं प्रत्येक पोर डॉक्टर व्हायला लातूरला येतं, तशी मीही आले. दोन वर्षं क्लास केले, दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटले. घरी गेले तर वडील माझ्याशी बोलेनात आणि आई माझ्या ताटात न बोलता वाढायची. तेव्हा काका त्यांचा जुना कीबोर्ड चादरीत बांधून घेऊन आले, माझ्यासमोर ठेवला आणि वडिलांना म्हणाले, "पेपर बिघडलाय तिचा. पोरगी न्हाई बिघडली."

त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत चालले आहे. आता लातूरला माझी एक खोली आहे, भिंतींना फोम लावलेली. क्लासच्या जाहिरातींची गाणी, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, गणेश मंडळांची गाणी असं काय काय मी तिथं करते. देवाचे आभार मानायची वेळ आली की माझ्या डोळ्यांपुढे आधी तो चादरीत बांधलेला कीबोर्ड येतो, हे मी इथं सरळच लिहून टाकते.

तर त्या काकांच्या मुलीचं, माझ्या चुलत बहिणीचं, लग्न नांदेडला ठरलं होतं.

आमच्या भावकीत मंगलाष्टकं म्हणजे काकू आणि काका. काकू ती स्वतः रचते, वहीत लिहिते आणि स्वतःच म्हणते. प्रत्येक नातेवाइकाचं नाव आलंच पाहिजे असा दंडक आहे. एकदा एका आत्याचं नाव राहिलं, तर ती लग्नात जेवली नाही. त्यामुळे ओळीत जेवढी अक्षरं मावतात त्याच्या दीडपट अक्षरं काकू तिच्यात कोंबते. नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव आडनावासकट आलं की काकूचा दम पुरत नाही, ती मध्येच थांबते, श्वास घेते, मग उरलेलं आडनाव पूर्ण करते. तोवर काका एक सूर धरून बसलेले असतात. ती सुटली की तेही निघतात. सत्तावीस वर्षं हे असंच चाललेलं, आणि काकूनं दुसऱ्या कुणाच्या साथीवर कधी तोंड उघडलेलं नाही.

या लग्नात मात्र पंचाईत झाली. मुलीच्या बापानं फेटा बांधून कीबोर्डपाशी कसं बसायचं? पाव्हणे काय म्हणतील, हा एक भाग झाला. दुसरा भाग काकांनी मला फोनवर सांगितला. "एवढ्या लग्नात वाजवलो, पर लग्न असं बघितलोच न्हाई कधी. डोळे सदा गाणाऱ्याच्या तोंडावर. ह्या बारीला मला पोरीकडं बघायचं हाय." आणि तरीही पोरीच्या लग्नात आपला हात वाजावा, ही इच्छा होतीच. म्हणून त्यांनी घरी बसून आठही मंगलाष्टकांची साथ वाजवून ठेवली होती. मी ती कॉम्प्युटरवर घ्यायची, वर थोडी सजावट करायची आणि मांडवात लावायची.

मग तूच का नाही वाजवलीस, असं कुणी विचारेल. कारण मला टिकटिकीशिवाय वाजवता येत नाही. कानात मोजणीची टिकटिक चालू असली की मी वाघीण, ती बंद केली की शेळी. आमच्या धंद्यात हे चालून जातं, म्हणून मी ते कुणाला सांगत नव्हते.

फाईल उघडली आणि पहिली चूक मी लगेच केली. मी आधीच एक प्रोजेक्ट मांडून ठेवला होता. तंबोरा, मागे व्हायोलिनं, हलका तबला, सगळं अठ्ठ्याहत्तरच्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर ठोके. सॉफ्टवेअरनं विचारलं, फाईलमधला टेम्पो घेऊ का प्रोजेक्टचा ठेवू? मी म्हटलं, माझा ठेव. लावून बघते तर मंगलाष्टकं कसली, कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखं वाटायला लागलं. सात मिनिटांचं सगळं पावणेअकरा मिनिटं चाललं. फाईलच्या डोक्यावर एकशेवीस लिहिलेलं होतं. कीबोर्ड दुकानातून आणला तेव्हापासून त्याच्यावर तोच आकडा होता आणि काकांनी त्याला जन्मात हात लावलेला नव्हता. ते त्या आकड्याकडे न बघता आपल्या मनानं वाजवत होते आणि यंत्र बिचारं एकशेवीसच्या हिशोबानं सगळं टिपून घेत होतं.

मग मी प्रोजेक्ट एकशेवीसला नेला. वेग बरोबर आला, पण आता काकांचे सूर माझ्या रेघांवर पडेनात. पडद्यावर ठोक्यांच्या उभ्या रेघा असतात, त्यांच्या मागेपुढे, मध्ये, कुठंही ते सांडलेले. तबला एकीकडे, काका दुसरीकडे. दोन ओळींमधल्या जागाही सारख्या नव्हत्या, कुठं चार सेकंद, कुठं सात, कुठं दोनच. मला वाटलं, काकांचा हात आता थकला. आणि मला त्यांची दया आली. आज ती दया आठवली की स्वतःचाच राग येतो.

गॅदरिंगच्या ट्रॅकला जे करते तेच केलं. प्रत्येक सूर उचलून जवळच्या रेघेवर बसवला. सगळ्या जागा एकसारख्या करून टाकल्या, चार म्हणजे चार. दोन दिवसांत असं चकाचक काम झालं की माझी मीच पाठ थोपटून घेतली, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी लॅपटॉप घेऊन बिलोलीला गेले.

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आली, वही उघडली, पदर सावरून खुर्चीवर बसली. मी ट्रॅक लावला. पहिलं मंगलाष्टक कसंबसं पार पडलं. दुसऱ्याला काकू अजून आजोबांच्या आडनावात अडकलेली होती आणि माझी व्हायोलिनं 'सावधान'ला पोचली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती घाईनं गायला गेली, अर्धी नावं गिळली, आणि थांबली. वही मिटून मांडीवर ठेवली.

"माझंच चुकून राहिलंय," ती म्हणाली. "वय झालं आता. गुरुजींनाच म्हणू दे."

हिच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. या बाईनं लोड शेडिंगमध्ये, माईकशिवाय, शेकडो माणसांच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेला मी लहानपणी ऐकलेला आहे.

काका दारात उभे राहून ऐकत होते. आत येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "ह्यात माझं काय हाय?"

"सगळे सूर तुमचेच आहेत की," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. "फक्त तालात बसवलेत."

"मंगलाष्टकाला कुठला आलाय ताल, माय?"

मग ते माझ्या बाजूला बसले आणि बोटानं एकेक सांगायला लागले. दुसऱ्यात आजोबाचं नाव लांब आहे, तिथं तिला दम लागतो, म्हणून सात. तिसऱ्यात भाच्याचं घरचं नाव येतं, तिला हसू येतं, पण ती ते दाबून लगेच पुढं जाते, म्हणून दोन. पाचव्यात पोरीचं नाव आहे. "तिथं जरा जास्तच थांबलोय. तिथं तिचं काय होईल, सांगता येत न्हाई."

मी विचारलं, तुम्ही वाजवत होतात तेव्हा काकू गात होती का?

"न्हाई बा. ती माहेराला गेलती, पत्रिका द्यायला. मी मनातल्या मनात तिचं ऐकून वाजवलो."

मी लॅपटॉप फाडकन मिटला आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. राग कुणाचा आला होता? काकांचा, कारण ते बरोबर होते. थोड्या वेळानं काकूनं तिथं चहा आणून दिला आणि काही न बोलता आत गेली. या घरातली माणसं दुसऱ्याला लाजवत नाहीत, हे माझं केवढं भाग्य.

मूळ फाईल पेनड्राइव्हवर सुखरूप होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून आम्ही उलटं काम सुरू केलं. काकांना प्रोजेक्टमध्ये बसवायचं सोडून दिलं, प्रोजेक्टच काकांमध्ये बसवायचा ठरवला. तबला काढून टाकला. सॉफ्टवेअरमध्ये सोय असते, की वाजवलेलं ऐकत ऐकत जिथं शब्दाचा भार पडतो तिथं आपण खूण मारायची, मग त्या त्या खुणेपाशी टेम्पो आपोआप बदलतो आणि बाकीची वाद्यं त्या माणसामागून चालायला लागतात. मी वर्षानुवर्षं ते सॉफ्टवेअर वापरत होते आणि ही सोय कधी वापरली नव्हती. गरजच पडली नव्हती, कारण मी कुणामागून कधी चाललेच नव्हते.

काकू मटार सोलता सोलता हळू आवाजात म्हणत होती, काका तिच्याकडं बघून मान हलवत होते आणि मी खुणा मारत होते. एकसष्ट, चौऱ्याऐंशी, चाळीस, पुन्हा सत्तर. माझ्या बाकी सगळ्या प्रोजेक्टमध्ये टेम्पोची रेघ सरळ असते. ही नुसती खालीवर, खालीवर.

काकांनी चष्मा लावून पडद्याकडं पाहिलं. "आपल्या बिलोलीच्या रस्त्यावाणी दिसून राहिलं की."

आठ मंगलाष्टकांचे मी आठ तुकडे केले, म्हणजे प्रत्येक वेळी काकूनं तोंड उघडलं की मी पुढचा तुकडा सोडायचा. दुपारी तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हटलं. कुठं अडली नाही. आजोबांचं आडनावसुद्धा दोन श्वासांत नीट निघालं. पाचव्यात मुलीच्या नावापाशी काकांनी ठेवलेली मोठी जागा आली, तीही तिनं स्वस्थपणे भरून काढली.

"हे वाजवायला बसल्यासारखं वाटलं," काकू म्हणाली. हे म्हणजे काका. ती त्यांना दुसरं काही म्हणत नाही.

लग्नाच्या दिवशी नांदेडच्या कार्यालयात मुहूर्त बारा चाळीसचा होता, म्हणजे सव्वा वाजता अंतरपाट धरला. मी स्टेजच्या कडेला, लॅपटॉप टेबलावर, शेजारी सूर तपासायला आणलेला काकांचाच कीबोर्ड. आमच्याकडं मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आईनं मांडवात थांबायचं नसतं, तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. काकूला माईकपाशी बघून एका म्हाताऱ्या पाव्हणीनं तोंड वाकडं केलं.

"आधीच घालून आले पाणी," काकू म्हणाली. "तुळस काही म्हणली न्हाई."

सगळ्यांच्या हातांत अक्षतांची रंगवलेली ज्वारी वाटून झाली. काका मुलीच्या शेजारी, डोक्याला गुलाबी फेटा, मुठीत अक्षता. ते खरंच फक्त तिच्याकडंच बघत होते. एकदाही मान वळवून त्यांनी माझ्याकडे किंवा काकूकडे पाहिलं नाही. आपलं काम आपण वाजवून ठेवलंय, आता काळजी नाही, असं काहीतरी त्यांच्या पाठीवरून वाटत होतं.

पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला काकू हसली आणि काकांचा हात तिच्याबरोबर झटकन पुढं गेला. पाचव्यात मुलीचं नाव आलं, आणि काकू न अडखळता पार झाली. मला वाटलं, सुटलो.

सहाव्यात मुलीच्या बापाचं, म्हणजे काकांचं नाव होतं. तालमीत तिथं काकू नुसतं गुणगुणून पुढं जायची, कारण ती नवऱ्याचं नाव घेत नाही. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या बायका घेतच नाहीत. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण आज वहीत लिहिलेलं ते नाव तिनं माईकवर, साऱ्या मांडवासमोर, पूर्ण उच्चारलं. आणि तिथं तिचा आवाज थांबला.

काकांनी तिच्या प्रत्येक अडण्याला जागा ठेवली होती. मुलीच्या नावाला ठेवली, आजोबांच्या आडनावाला ठेवली. स्वतःच्या नावाला जागा ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं. फाईल पुढं निघाली, व्हायोलिनं तिच्यामागून निघाली, आणि काकू वहीकडं बघत नुसती उभी.

मी ट्रॅक बंद केला. बंद करताना काही ठरवलं नव्हतं. दुसरा हात आपोआप शेजारच्या कीबोर्डवर गेला आणि मी खालचा सा धरला. कानात टिकटिक नव्हती, पडद्यावर रेघ नव्हती. बघायला एकच गोष्ट उरली, काकूचं तोंड. मी त्याच्याकडं बघत बसले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी खोकलं, कुठलं तरी लहान मूल रडायला लागलं. मग काकूचे खांदे किंचित वर झाले, ती श्वास घेत होती, आणि ती सुटली तशी मीही तिच्याबरोबर सुटले. उरलेलं सहावं मंगलाष्टक मी हातानं वाजवलं. एका ठिकाणी भलतीच पट्टी लागली. 'सावधान' झालं, डोक्यांवर ज्वारी पडली, आणि सातव्यापासून पुन्हा काकांचा हात वाजायला लागला.

जेवणाच्या पंगती उठल्यावर काका माझ्याकडे आले. फेटा अजून डोक्यावरच होता. रिकामी खुर्ची ओढून ते बसले आणि आपल्या कीबोर्डवर उगाच हात फिरवला.

"सहाव्यात मी एवढा थांबलो होतो का गं?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. खरं सांगणं सोपं होतं. पण या माणसानं मला टिकटिकीशिवाय वाजवायला लावलं होतं, आणि तेही पाठमोरं उभं राहून.

"हाव काका. थांबला होतात."

त्यांनी मान हलवली आणि उठले.

"मंग तो एक सूर चुकला, तोबी माझाच," ते म्हणाले, आणि पाव्हण्यांना पानसुपारी द्यायला गेले.